फिशटँकचे मागचे पाय

टेकूभाऊंनी आयुष्यभरात कित्येक राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, आणि न्यायालय तर इतक्या वेळा बांधलं की शेवटी शेवटी आरोपीचा पिंजरा त्यांना डोळे मिटून उभा करता येई. घरात मात्र त्यांनी केलेलं एक साधं स्टूलही नव्हतं. नव्हतं म्हणजे, बायकोने राहू दिलं नव्हतं.

ते एका नाटक कंपनीत सेट लावायचे. नाटकातली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड आणि मागून तिरका लावलेला टेकू. हा टेकू नीट बसला नाही तर नायिकेने रागाने दार आपटताच सबंध दिवाणखाना डुलतो आणि लोक शोकांतिकेत हसतात. टेकूभाऊ विंगेत असताना कुठल्याही शोकांतिकेत कोणी हसलं नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण थांबतं.

वस्तू कशी असावी याबद्दल त्यांची मतं पक्की होती. ती तीन अंक टिकली पाहिजे आणि पडदा पडल्यावर चहा निवायच्या आत टेम्पोत चढली पाहिजे. त्यापेक्षा जास्त टिकणाऱ्या वस्तूकडे ते जरा संशयानेच बघत.

लग्नानंतर उत्साहाच्या भरात त्यांनी बंद पडलेल्या नाटकांतलं बरंच सामान घरी आणलं. पुस्तकांचं कपाट आणलं, त्यातली पुस्तकं रंगवलेली होती. आरसा आणला, त्यात काचेच्या जागी चंदेरी कागद होता. आणि एका राजाचं सिंहासन आणलं. सासरे पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांना मानाने त्यावर बसवण्यात आलं. नाटकातला राजा सिंहासनावर कधीच बसत नसे, एक हात त्याच्यावर ठेवून उभ्या उभ्या भाषण ठोकी. ही गोष्ट टेकूभाऊंना आठवली तोवर सासरे आत गेले होते. गुडघे छातीशी आणि हातात कपबशी. कपातला चहा सांडला नाही, हे टेकूभाऊ आजही आवर्जून सांगतात. बायको ते सांगत नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या हातच्या वस्तूला घरात बंदी झाली. मुलीचा पाळणा बाजारातून आला, पुढे तिचं टेबलही बाजारातून आलं. मुलगी लग्न होऊन गेली, कंपनीचे प्रयोग कमी कमी होत गेले, टेकूभाऊ दिवसदिवस घरी दिसू लागले, पण बंदी उठली नाही. बंदी उठवा असं ते म्हणालेही नाहीत. फक्त पाहुण्यांनी बाजारातून आणलेल्या कपाटाचं कौतुक केलं की ते उठून पाणी प्यायला जात.

बायको एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. पेशंटची नावं लिहायची, फोन घ्यायची, आत ड्रिलचा आवाज सुरू झाला की बाहेर बसलेल्यांना धीर द्यायची. तिच्या टेबलासमोर, भिंतीतल्या ओट्यात पक्का बसवलेला, चांगला लांबलचक फिशटँक होता. डॉक्टरांनी तो पेशंटचं मन रमावं म्हणून आणला आणि त्याच दिवशी ते त्याला विसरले. खायला घालणं, पाणी बदलणं, काच घासणं सगळं बायकोच्या गळ्यात पडलं, आणि तिनेही ते कुणाला काढू दिलं नाही. गुबगुबीत गोल्डफिश आणि काचेला तोंड लावून राहणारा एक काळा मासा, एवढा तिचा पसारा. घरी ती पेशंटबद्दल चकार शब्द काढत नसे, पण काळा मासा आज जेवला नाही हे टेकूभाऊंना रोज कळायचं.

मग डॉक्टरांनी वयोमानाने दवाखाना बंद करायचं ठरवलं. पेशंट येणं थांबलं आणि काही दिवसांनी जागा चष्म्याच्या दुकानाला गेली. दुकानवाले आठवड्याभरात ओटा फोडणार होते.

“डॉक्टर म्हणाले, टँक तुम्हीच न्या,” बायकोने घरी येऊन सांगितलं. “काच नेता येईल. मासे नेता येतील. ओटा नेता येणार नाही.”

“मग ठेवायचा कशावर?” टेकूभाऊंनी विचारलं.

“तेच तर.”

टेकूभाऊंच्या मनात जे आलं ते तोंडावर आलं असावं, कारण बायको लगेच म्हणाली, “भावाला सांगितलंय मी.”

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे टेकूभाऊंचा मेहुणा, लोखंडी दारं आणि खिडक्यांचे गज करून द्यायचा. चार माणसं जमली की सिंहासनाची गोष्ट सांगायचा मान त्याचा असे. तो दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर झाला. त्याने भिंत मोजली, जमीन मोजली, नंतर टेकूभाऊंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांचंही माप घ्यायचंय.

“भाऊजी, भरलेला टँक म्हणजे तीन-चार माणसांचं वजन,” तो म्हणाला. “ही माणसं उठून घरी जात नाहीत. कापडाचं काम नाही हे. अँगल मारतो, वेल्डिंग करतो, वर काळा रंग. तुमची नातवंडं त्यावर नाचतील.”

“दिवाणखान्यात गज लावल्यासारखं दिसेल,” टेकूभाऊ म्हणाले.

“दिसू दे. पडणार तर नाही.”

यावर टेकूभाऊ एरवी गप्प बसले असते. बायको नोकरी संपल्यामुळे आतून खचली होती हे त्यांना दिसत होतं. सकाळी उठून ती कामावर जायच्या वेळेला केस विंचरून बसायची, आणि मग कुठेच जायची नाही. तिला त्या दवाखान्यातून एकच गोष्ट घरी आणायची होती, आणि ती मेहुण्याच्या लोखंडावर बसणार होती. टेकूभाऊंना वाईट वाटलं. घरात आपल्या हातची एक तरी वस्तू असावी, आणि बायकोने तिच्यावर स्वतःला प्रिय असलेलं काहीतरी निर्धास्त ठेवावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते हवं आहे हे त्यांना तोपर्यंत स्वतःलाही माहीत नव्हतं.

“मी करतो,” ते म्हणाले.

मेहुणा हसला. बायको हसली नाही.

“त्यात माझे मासे असणारेत,” ती म्हणाली.

“माहीतेय.”

“ते पडले तर मी काही बोलणार नाही,” बायको म्हणाली. “कधीच बोलणार नाही.”

टेकूभाऊंच्या तोंडातून शब्द गेला होता.

ते लाकडाच्या वखारीत गेले. वखारवाला त्यांना ओळखून होता. त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यात हलक्या पट्ट्या पुढे केल्या.

“जड दाखव,” टेकूभाऊ म्हणाले.

“जड?” वखारवाल्याने हातातली पट्टी खाली ठेवली. “घरी सगळं ठीक ना?”

जड लाकूड खांद्यावर घेऊन जिना चढताना टेकूभाऊंना पहिल्यांदा कळलं की दुनियेतले सुतार एवढे कुरकुरणारे का असतात. त्यांनी गॅलरीत काम मांडलं. आजवर त्यांनी सगळं सुट्या खिळीच्या बिजागऱ्यांवर जोडलेलं, खीळ उपसली की राजवाडा घडी होऊन हातात. इथे त्यांनी खाचा पाडून लाकडात लाकूड बसवलं. सांध्यात पांढरा गम भरताना त्यांचा हात क्षणभर अडखळला. एकदा चिकटवलेली वस्तू पुन्हा सुटी होत नाही, हा विचार त्यांना नवा होता. मापं मात्र त्यांनी आपल्या जुन्या लाकडी पट्टीनेच घेतली. त्या पट्टीवर त्यांनी तरुणपणीच खुणा कोरून ठेवल्या होत्या, टेबलाचा पुढचा पाय, मागचा पाय, खाटेचा पुढचा पाय, मागचा पाय. टेपकडे बघावंही लागत नसे. हात आपोआप चालत.

स्टँड तयार झाला. भिंतीला लावला. बायकोने तो तिन्ही बाजूंनी न्याहाळला आणि भावाला फोन केला.

मेहुणा अंगाने भरलेला होता. त्याने चपला काढल्या, स्टँडवर चढला आणि उडी मारली. स्टँडने हूं की चूं केलं नाही. त्याने पुन्हा उडी मारली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर काठी ठोकली. स्टँड गप्पच. मेहुणा उतरला, चपला घातल्या आणि “चांगलंय,” असं म्हणाला. हा शब्द त्याने टेकूभाऊंच्या बाबतीत पूर्वी वापरलेला नव्हता, त्यामुळे उच्चार जरा चुकल्यासारखा वाटला. मग त्याने पिशवीत हात घालून पाणसळ काढली, ती लांबोडकी पट्टी, जिच्यातल्या बुडबुड्यावरून सपाटी कळते.

“ठेव ती आत,” बायको म्हणाली.

“अगं ताई, एकदा लावून बघतो ना.”

“ठेव म्हटलं ना. त्यांनी केलंय, नीटच केलं असेल.”

हे वाक्य ऐकून टेकूभाऊ उठले आणि पाणी प्यायला गेले. या वेळी कारण वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी टँक आला. दवाखान्यातलं जुनं पाणी कॅनमधून आलं, मासे पिशव्यांतून आले, काळा मासा वेगळ्या पिशवीत आला कारण त्याला गर्दी चालत नाही. बायकोने खाली थर्माकोल घातलं, वाळू धुऊन पसरली, बादल्यांमागून बादल्या ओतल्या, पंप लावला. दिवा लागला तेव्हा शेजारचे बघायला आले. मेहुण्याने फोटो काढले. सगळे समोर खुर्च्या टाकून बसले आणि बायको त्यांना कुठला मासा कुणाशी भांडतो ते सांगू लागली. दवाखाना सुटल्यापासून ती एवढं सलग बोलली नव्हती.

टेकूभाऊ सवयीप्रमाणे बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. तिथून टँकची अरुंद बाजू दिसत होती. वरच्या कडेला काळी पट्टी आणि तिच्या खाली पाण्याची रेघ. मागच्या बाजूला पट्टी आणि पाणी यांच्यात दोन बोटं अंतर होतं. पुढच्या बाजूला एक बोट.

त्यांनी डोळे चोळले. अंतर तेवढंच राहिलं.

काय झालंय ते त्यांना तत्काळ कळलं. नाटकातलं टेबल कधी सपाट नसतं. खाली बसलेल्या प्रेक्षकांना टेबलावरचं पत्र, खाटेवरचं प्रेत, ताटातला खंजीर दिसावा म्हणून मागचे पाय बोटभर उंच ठेवतात. पट्टीवरच्या खुणा तशाच होत्या. हातांनी तेच केलं होतं. आणि इतकी वर्षं पुढे कललेल्या गोष्टी बघून बघून डोळ्यांना तेच सरळ वाटत होतं. लाकूड खोटं बोललं नाही, गम खोटं बोलला नाही. फक्त पाण्याला नाटकाची सवय नव्हती.

समोरच्या खुर्च्यांतून यातलं काहीच दिसत नव्हतं. कंपनीचे मालक म्हणायचे की समोरून जे दिसत नाही ते नसतंच. टेकूभाऊंनी त्या रात्री हे वाक्य मनाशी बऱ्याचदा घोळवलं आणि त्यांना झोप लागली नाही. सगळं वजन पुढच्या काचेवर रेलत होतं. आज काही होणार नव्हतं, उद्याही नाही. पण कधीतरी सांधा सुटला असता आणि गोल्डफिश सतरंजीवर आले असते.

सकाळी बायको दवाखान्याची किल्ली परत द्यायला गेली. टेकूभाऊंनी संधी साधून पुढच्या पायांखाली पाचर सारायचा प्रयत्न केला. आधी खांदा लावला, मग पाठ लावली, मग जमिनीवर बसून दोन्ही पायांनी रेटा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केलेली वस्तू त्यांना हलवता येईना. ते तिथेच फरशीवर घाम पुसत बसले असताना बायको परत आली. तिचे डोळे लाल होते. किल्ली देताना रडली असावी.

ही काही सांगायची वेळ नव्हती, पण टेकूभाऊंना वाटलं की आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

“जरा इकडे ये,” ते म्हणाले. “इथून बघ.”

ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली आणि तिने पाहिलं.

“पाणी तिरकं आहे,” ती म्हणाली.

“पाणी सरळ आहे,” टेकूभाऊ म्हणाले. “बाकी सगळं तिरकं आहे.”

पेशंटला विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, “कधी कळलं?”

“काल. सगळे बसले होते तेव्हा.”

“आणि असं झालं कसं?”

“मागचे पाय बोटभर उंच झाले. हाताला सवय आहे. प्रेक्षकांना नीट दिसावं म्हणून करतात तसं.”

“इथे कुठले प्रेक्षक?”

टेकूभाऊंनी खोलीभर नजर फिरवली. “तूच,” ते म्हणाले.

बायकोने पर्स खुंटीला अडकवली. ती आता लोखंडी अँगलबद्दल बोलेल, वडिलांबद्दल बोलेल, किंवा म्हणाली होती तशी काहीच बोलणार नाही, अशी टेकूभाऊंनी मनाची तयारी केली.

“बादल्या आणा,” ती म्हणाली.

दोघांनी मिळून रबरी नळीने पाणी उपसलं. मासे बादल्यांत गेले, काळा मासा कुकरमध्ये गेला, कारण घरात तेवढंच भांडं उरलं होतं. फरशी ओली, वाळू घमेल्यात, दाराच्या आडोशाला स्टँड आडवा आणि टेकूभाऊ हातात करवत घेऊन ओणवे, अशा वेळी दारावरची बेल वाजली. मेहुणा होता. आपल्या बायकोला टँक दाखवायला आणू का, असं विचारायला आला होता. बहिणीच्या खांद्यावरून त्याला ओली फरशी आणि बादल्या दिसल्या, आणि त्याचा चेहरा उजळला.

“फुटला ना? मी म्हटलं होतं!”

टेकूभाऊंच्या बायकोला खोटं बोलता येत नसे. दवाखान्यात कोणी “दुखेल का हो?” असं विचारलं तर ती “दुखेल” म्हणून सांगायची आणि काहीजण तिथूनच घरी जायचे. डॉक्टरांनी तिला यावरून दोनदा समजही दिली होती. ती दाराच्या चौकटीत हात ठेवून उभी राहिली.

“पाणी बदलतोय आम्ही,” ती म्हणाली.

“कालच तर भरलं!”

“नव्या जागेत पहिलं पाणी बदलावं लागतं. तुला काय कळतंय त्यातलं?”

“आणि आत करवतीचा आवाज कसला येतोय?”

“शेजारी काम चाललंय,” बायको म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

दार लावल्यावर ती तिथेच उभी राहिली. कानाची पाळी लाल झाली होती. टेकूभाऊ करवत थांबवून तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मागच्या पायावर पेन्सिलने रेघ मारली.

पाणसळ मागायला मेहुण्याकडे जाणं आता शक्य नव्हतं. बायकोने सपाट बुडाचं काचेचं चौकोनी भांडं अर्धं भरून आणलं आणि स्टँड उभा करून त्यावर ठेवलं. टेकूभाऊ स्टँड पुन्हा पुन्हा आडवा करून पायांवर रंधा मारत गेले, ती भांड्यातलं पाणी बघून “अजून,” “अजून थोडं,” म्हणत गेली. मग म्हणाली, “बास.”

टेकूभाऊ मागे सरकून बघू लागले. “मला आता ते मागे पडतंय असं वाटतंय,” ते म्हणाले.

“वाटू दे.”

संध्याकाळपर्यंत टँक पुन्हा भरला. मासे पाण्यात सोडले. काळा मासा कुकरमधून यायला तयार नव्हता, त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. दिवा लागला. बायको समोर खुर्ची ओढून बसली. टेकूभाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि त्यांनी पाण्याची रेघ पाहिली. इकडून बोट लावून पाहिलं, तिकडून बोट लावून पाहिलं.

“नीट आहे?” बायकोने विचारलं.

“नीट आहे.”

“मग तिकडे काय उभे आहात? इकडे या.”

टेकूभाऊंनी जन्मात एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. सगळी पाहिली ती विंगेतून, नटांची पाठ आणि भिंतींची उलटी बाजू. समोर बसलेला माणूस हात कुठे ठेवतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन कडेला बसले, कधीही उठायला बरं अशा बेताने. एक गोल्डफिश इकडून तिकडे गेला. मग तो तिकडून इकडे आला. टेकूभाऊंनी पुढे काय होतंय याची वाट पाहिली.

“किती वेळ असतं हे?” थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं.

“संपत नाही हे,” बायको म्हणाली. “नीट मागे सरकून बसा.”

टेकूभाऊ मागे सरकून बसले.